सोमालिया १९९२: अन्न पोहोचवायला गेलेले सैन्य युद्धात कसे ओढले गेले?

प्रश्न (विद्यार्थिनी, नाशिकरोड): आमच्या अभ्यासगटात सोमालियावर चर्चा झाली. दुष्काळग्रस्तांना वाचवण्यासाठी गेलेल्या फौजांना वर्षभरातच माघारीचा विचार का करावा लागला?

उत्तर (निवृत्त सैनिक, देवळाली): ताई, जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळल्यावर सशस्त्र टोळ्यांनी धान्यालाच शस्त्र बनवले, बंदरात उतरलेले अन्न वाटेत लुटले जाई. डिसेंबर १९९२ मध्ये सुरक्षा परिषदेच्या ठराव ७९४ नुसार अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौज उतरली आणि मदतीचे मार्ग बऱ्याच अंशी खुले झाले. पुढे मे १९९३ पासून संयुक्त राष्ट्रांकडे सूत्रे आली, तेव्हा निःशस्त्रीकरण आणि राज्ययंत्रणेची पुनर्बांधणीही कामात आली. माझ्या मते खरे वळण इथेच आहे. ५ जूनला २४ पाकिस्तानी शांतिसैनिक मारले गेले, त्यानंतर या हल्ल्यासाठी जबाबदार धरलेले टोळीप्रमुख मोहम्मद फराह ऐदीद यांचा शोध सुरू झाला, आणि ३ ऑक्टोबरच्या राजधानी मोगादिशूतील चकमकीत १८ अमेरिकी सैनिक पडल्यावर अमेरिकेने माघार जाहीर केली.

उत्तर (प्राध्यापक, गंगापूर रोड): सरांचे म्हणणे पटते, पण सोमाली नागरिकांचे मृत्यू विसरू नयेत, त्या चकमकीत ते शेकडोंनी मेले. शिवाय भारतीय ब्रिगेडने दुष्काळाचे केंद्र असलेल्या बैदोआत काम केले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही, याची मला खंत वाटते.

विद्यार्थिनी: आभारी आहे. बैदोआबद्दल आता सविस्तर वाचते.