चर्चा: चार कोटी अंकांची मूळ संख्या शोधून गणिताला काय मिळालं?

धरमपेठकर
ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी शोधलेली मूळ संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. एकूण अंक ४,१०,२४,३२०. कौतुक भरपूर झालं. पण मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केलंय. मर्सेन मूळ संख्या, म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्या, अनंत आहेत का, हे ही ५२ वी सापडूनही कळलं नाही, ५३ वी सापडून कळणार नाही. बँकेच्या गुप्त संकेतांना काहीशे अंक पुरतात. खरं काम २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत झालं. अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी कुठलीही संख्या मूळ आहे का, हे ठरवायची बिनचूक आणि तत्त्वतः वेगवान रीत दिली. त्याला मी गणित म्हणतो.

महालच्या मॅडम
कानपूरच्या कामाबद्दल दुमत नाही. पण ती रीत चार कोटी अंकांवर चालवायला गेलात तर जन्म पुरणार नाही. तिथे लुकास-लेमर कसोटीच लागते, आणि ती या संख्यांच्या घडणीतूनच येते. वहीत करून बघा. २ चा ५ वा घात वजा १, म्हणजे ३१. ४ घ्या. वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा. आधी १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ०. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे तिसऱ्या पायरीला शून्य आलं, म्हणून ३१ मूळ. घातांक ११ घेतला तर शेवटी शून्य येत नाही, कारण २०४७ = २३ × ८९. माझ्या नववीच्या मुली हे करतात तेव्हा त्यांना सिद्धतेची ताकद कळते. शिवाय प्रत्येक नवी मर्सेन मूळ संख्या एक परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःहून लहान विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या, सोबत आणते, ३१ सोबत ४९६.

कोराडी रोड
मॅडम, हिशेब बरोबर आहे, पण विजेचं काय? माह्या पुतण्याचा कॉम्प्युटर याच शोधासाठी मे महिन्यात रात्रंदिवस चालू होता. कोराडीच्या वीज केंद्राच्या राखेत आम्ही राहतो. तेवढी वीज काहून जाळायची, सांगा बरं?

धरमपेठकर
हाच मुद्दा. १८७६ मध्ये लुकासने ३९ अंकी संख्या हाताने मूळ ठरवली, कारण त्याला नवी कल्पना सुचली होती. २०२४ मध्ये १७ देशांतली ग्राफिक्स कार्डं जुनीच कसोटी चालवत होती.

महालच्या मॅडम
कसोटी जुनी, गुणाकार नवा. कोट्यवधी अंकांचा वर्ग शाळेच्या रीतीने होत नाही, त्यासाठी फूरिए रूपांतर, म्हणजे प्रचंड गुणाकार झटपट करायची रीत, लागतं. ते दर वेळी अजून वेगवान करावं लागलं. याच गणितांनी २०१६ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला दोष उघड केला. विजेचा आक्षेप मला मान्य आहे, मे महिन्यात घरचा कॉम्प्युटर बंदच ठेवावा. पण संख्या निरुपयोगी म्हणणं मान्य नाही.

धरमपेठकर
मग श्रेय गुणाकाराच्या रीतीला द्या. बातम्यांत मथळा फक्त संख्येचा होता, त्या रीतीबद्दल एक ओळ नव्हती.