सैन्य न्यायला एक रात्र, आणायला पावणेतीन वर्षं

उंबरठा (धागाकर्ता):
२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी भारत-श्रीलंका करारावर सह्या केल्या आणि दुसऱ्याच दिवशी आपली शांतिसेना जाफन्यात उतरायला लागली. त्या वेळी परराष्ट्र खातं कुणाकडे होतं? खुद्द पंतप्रधानांकडे. नारायणदत्त तिवारींकडून ते चारच दिवस आधी त्यांच्याकडे आलं होतं. म्हणजे "जरा थांबा" म्हणायचं ते कुणी कुणाला? बरं, ज्या एलटीटीईची, म्हणजे तिथल्या तमिळ बंडखोर 'वाघां'च्या संघटनेची, शस्त्रं गोळा करायची, तिची करारावर सहीच नाही! पुढे आपले अकराशेहून जास्त जवान मारले गेले. माझं मत सरळ आहे: परदेशात सैन्य धाडायचं तर आधी संसदेत मतदान हवं. आपल्या घटनेत तशी सक्ती नाही, ती आणा.

खडूस_आजोबा:
आणा की. मालदीवचं काय करणार होतात? ३ नोव्हेंबर १९८८ ला पहाटे तिथल्या राजधानीत, मालेत बंड झालं, राष्ट्राध्यक्ष गयूम लपून बसले आणि मदत मागू लागले. त्याच रात्री आग्र्याहून निघालेले आपले पॅराट्रूपर हुलहुले विमानतळावर उतरले. पंतप्रधान तेच, त्यांच्या कार्यालयाचं साउथ ब्लॉक तेच, बंद दाराआडची बैठकही तशीच. तुमचं मतदान होईपर्यंत गयूम बंडखोरांच्या हाती लागले असते. आणि मतदानाचं कौतुक ब्रिटनला विचारा. इराकसाठी मार्च २००३ मध्ये त्यांच्या संसदेत रीतसर मतदान झालं, ४१२ विरुद्ध १४९. ज्या शस्त्रांच्या नावाने युद्ध केलं ती सापडली का?

उंबरठा:
आजोबा, मालदीवचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. त्या बैठकीत सैन्याच्या हातात फोटो होता तो भलत्याच विमानतळाचा. आपले मालदीवमधले उच्चायुक्त बॅनर्जी योगायोगाने दिल्लीत होते, त्यांनी चूक पकडली. ते सुट्टीवर नसते तर? यश आलं म्हणून पद्धत बरोबर होती असं नाही. ब्रिटनचा मुद्दा मात्र मान्य, नुसत्या मतदानाने शहाणपण येत नाही.

खडूस_आजोबा:
चूक पकडली ना, आणि तीही बंद खोलीतच! माहितगार माणूस खोलीत हवा, पाचशे खासदार नकोत.

चिंचेचं_झाड:
दोघंही जाण्याच्या निर्णयावर भांडताय. माझे मामा महार रेजिमेंटमध्ये होते, श्रीलंकेत गेले होते. परमवीरचक्र मिळालेले मेजर परमेश्वरन ८ महारचे, जन्म मुंबईचा. मामा त्यांच्याबद्दल बोलत, पण स्वतःबद्दल एकच सांगत: "ऑगस्टमध्ये ज्या पोरांशी हात मिळवले, ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावरच गोळी झाडायची होती. मधे काय झालं ते आम्हाला कुणी समजावलं नाही." मधे काय झालं ते नंतर वाचून कळलं. ५ ऑक्टोबरला श्रीलंकेच्या ताब्यातल्या एलटीटीईच्या वाघांनी जाफन्याजवळच्या पलालीत सायनाइड खाल्लं, बारा जण गेले आणि समझोता कोसळला. आठवडाभरात जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने १३ शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जवान उतरवले. गोळीबार एवढा की पुढची कुमक उतरवताच आली नाही. त्या तीसातले एकोणतीस गेले, एक कैद झाला. शांतता राखायला गेलेली सेना लढाईला जुंपली, हा केवढा मोठा निर्णय! तो नेमका कोणत्या बैठकीत झाला? मामांना शेवटपर्यंत उत्तर मिळालं नाही. आधी ठरवायला हवं होतं ते हे, की अमुक झालं तर लढायचं आणि तमुक झालं तर परतायचं.

उंबरठा:
+१. धाग्याचं शीर्षक मीच दिलं आणि हे लिहायचं मीच विसरलो.

बाकावरची:
२००३ विसरू नका. अमेरिकेला इराकमध्ये आपलं सैन्य हवं होतं, दिल्लीत अनुकूल मंडळीही होती. वाजपेयींनी घाई केली नाही. एप्रिलमध्ये लोकसभेत इराक युद्धाविरुद्ध ठराव झाला (हिंदीत 'निंदा', इंग्रजीत त्याहून मऊ शब्द, हीसुद्धा एक कला!), विरोधकांशी बोलणं झालं आणि १४ जुलैला सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने नकार दिला: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तरच बघू. सक्तीचा कायदा नव्हता, तरी विचारणं झालं.

खडूस_आजोबा:
घरबसल्या नाही म्हणायला तीन महिने मिळतात हो. मालेत गोळ्या चालल्या असताना कोण देतं?

बाकावरची:
मालेत नसतील मिळत. पण श्रीलंकेत १९८३ पासून आग लागलेली होती, चार वर्षं होती हातात. आणि परतण्याचं म्हणाल तर, जयवर्धनेंनंतरचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी १९८९ च्या जूनमध्येच निघा म्हणून सांगितलं होतं. दिल्लीत सरकार बदललं तेव्हा कुठे माघारीला वेग आला. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासच्या बंदरात स्वागताला तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत.