मेजर निवडताना म्हणे "फक्त मनाचं ऐका"!

बोरूबहाद्दर:
परवा इथे कुणीतरी लिहिलं होतं, "मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, निवडताना पोरांनी फक्त मनाचं ऐकावं, मार्क आणि आईबाप दोन्ही बाजूला ठेवावेत." त्यावर बदामांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही.

लेक एफवायबीएस्सीला आहे. आत्ता तीन विषय, पुढच्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर म्हणजे जोडीचा दुय्यम. अठरा वर्षांच्या पोरीचं मन म्हणजे काय हो? परीक्षेच्या आदल्या रात्री तिला गणित नको असतं, निकालानंतर तेच हवं असतं.

आणि २०२०चं नवं शैक्षणिक धोरण, नवं धोरण म्हणून नाचताय, त्यात नवं काय? आम्हाला पुण्यात एफवायला चार विषय, एसवायला तीन, टीवायला एक. मेजरच की तो! मी १९९४ला टीवायला केमिस्ट्री घेतली ती प्रेमापोटी नव्हे. फिजिक्सचे सर अंगावर ओरडायचे, बॉटनीत ओळखीचं कुणी नव्हतं, राहिली ती घेतली. त्यावर तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला काढली, घर झालं. मनाचं ऐकलं असतं तर तबला वाजवत बसलो असतो. आणि वाजवतोही वाईट.

सोनचाफा:
बोरूकाका, साफ असहमत. तुमचं निभावलं म्हणून सगळ्यांचं निभावतं असं नाही. मला मानसशास्त्र हवं होतं. बाबा म्हणाले, कॉमर्स घे, सीए हो. इंटरचे पाच अटेम्प्ट दिले, एक ग्रुप सुटला. पाचव्या निकालाच्या दिवशी बाबांनी जेवताना मान वर केली नाही. शेवटी एकतिसाव्या वर्षी एमए मानसशास्त्र केलं, आज शाळेत समुपदेशक आहे. मधली वर्षं कोण भरून देणार? तुमच्या लेकीला तरी विचारा.

खडूफळा:
तुम्ही दोघं मुलं विषय 'निवडतात' असं धरून भांडताय. मी कॉलेजात शिकवतो म्हणून आतली गोष्ट सांगतो. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, दुसऱ्या शाखेतला घ्यायचा, हे कागदावर. प्रत्यक्षात टाइमटेबलात बसेल तो. आमच्या बीएस्सीच्या पोरांनी संगीत मागितलं, मिळालं व्यक्तिमत्त्व विकास. कारण एका मॅडमचा वर्कलोड, म्हणजे शिकवायचे ठरलेले तास, भरत नव्हता. विषयाला पोरं कमी झाली की पद गेलं. म्हणून सुट्टीत विभागप्रमुख एकेका पोराला गाठून "आमच्याकडे स्कोप आहे" सांगतात. मीही सांगितलंय. काय करणार, नऊ वर्षं तासिका तत्त्वावर आहे. तासाचे पैसेही सहा-सहा महिने येत नाहीत, आणि तुम्ही मनाच्या गोष्टी करताय!

पहिल्या वर्षानंतर ४० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवर मिळणारे श्रेयांक) आणि वर एक छोटा व्यावसायिक कोर्स करून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं म्हणे. त्या सर्टिफिकेटवर नोकरी कोण देतं, एवढं एकानं सांगावं.

बोरूबहाद्दर:
तासिकेचं दुःख खरं आहे, पण त्याचा वेगळा धागा काढा की राव.

पांदणवाट:
तुम्हाला आवडनिवड तरी सुचतेय. मी दहावीपर्यंत मराठीतून, विज्ञानात वर्गात पहिला. अकरावी सायन्सच्या पहिल्या आठवड्यात सर 'मायटोकाँड्रिया' म्हणाले. शेजारचा भराभरा लिहीत होता, आणि मी, हे कुठल्या प्राण्याचं नाव. ती आपली तंतुकणिका आहे हे मार्चमध्ये कळलं. तोवर बायोत ३८. घरी सांगितलं, जीवशास्त्र आवडत नाही. पुढे बीए, इतिहास. इतिहास आवडतो का? आता आवडतो. तेव्हा तो मराठीत होता, एवढंच.

सरळसोट:
हे रडगाणं कधी संपणार? आम्हीही मराठी माध्यमाचेच. डिक्शनरी घेऊन बसलो, तीन महिन्यांत प्रश्न मिटला. सेमी इंग्रजी घ्यायचं होतं. खरा घोळ घातलाय तो विकलन, आम्लारी, संमिश्र संख्या असले शब्द पाडणाऱ्यांनी.

पांदणवाट:
सेमी आमच्या शाळेत मी बाहेर पडल्यावर तीन वर्षांनी आलं. आणि तुमच्या घरात डिक्शनरी होती, त्याचं कौतुक मला सांगू नका. आम्लारीत वाईट काय आहे? आम्ल अधिक अरि, आम्लाचा शत्रू. शब्दातच व्याख्या. 'बेस' ऐकून काय डोंबल कळतं?

सोनचाफा:
आम्लारीची फोड आज कळली! शाळेत कुणी सांगितली असती तर... असो.

सरळसोट:
शब्द झकास आहे, दिला तुम्हाला. मुलाखतीत म्हणून दाखवा. २०२१पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, मराठीतून इंजिनिअरिंगला परवानगी दिलीय. पाठवाल तुमच्या पोराला?

पांदणवाट:
नाही पाठवणार. झालं समाधान?

सरळसोट:
झालं.

खडूफळा:
त्यांना टोचून काय मिळालं हो? माझ्या वर्गात रोज हेच दिसतं. प्रॅक्टिकलला पोरीचा हात इतका सफाईदार, की स्लाइड बघत राहावी. व्हायवाला तोंडातून शब्द नाही. एकीनं बॉटनी सोडून आर्ट्सला जाऊन भूगोल घेतला. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "सर, भूगोलाच्या नोट्स मराठीत मिळतात." दाखल्याच्या अर्जावर कारण लिहिलं होतं, 'विषयाची आवड'.

सरळसोट:
ठीक आहे. डिक्शनरीचं बोललो ते जरा जास्त झालं. रडगाण्याचं मागे घेत नाही.

पांदणवाट:
उपकार झाले.

बोरूबहाद्दर:
सोनचाफाताई, तुमच्या आग्रहाखातर विचारलं लेकीला. म्हणाली, स्टॅटिस्टिक्स. मी म्हटलं, का गं, आवडतं? तर म्हणे, "स्टॅटचे सर आधी मराठीत समजावतात, मग इंग्रजीत लिहून देतात. बाकीच्यांचं काही कळतच नाही." ही गेलं वर्षभर घरात बसून केमिस्ट्रीच्या नावानं बोटं मोडायची, तेव्हा मला वाटायचं आळस आहे. बापाला केमिस्ट्री येते, पण तिनं कधी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. आता याला मनाचं ऐकणं म्हणायचं का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

खडूफळा:
स्टॅटला स्कोप आहे.