आयरन्सीने स्वतःचं मरण ओढवून घेतलं का?

उंबरठा: नायजेरियाचा पहिला लष्करी राष्ट्रप्रमुख जनरल आग्वीई-आयरन्सी. १६ जानेवारी १९६६ ला सत्तेवर आला, २९ जुलैला इबादानमध्ये त्याच्याच सैनिकांनी उचलून नेऊन गोळ्या घातल्या. माझं मत, हे त्याने ओढवून घेतलं. जानेवारीच्या लष्करी बंडात पंतप्रधान बालेवा मारले गेले, उत्तर प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्रीच, अहमदू बेलो मारले गेले, बंडवाले मेजर बहुतेक पूर्वेकडच्या इग्बो जमातीचे आणि हाही इग्बो, मग त्या मेजरांवर खटला नको चालवायला? नुसतं तुरुंगात बसवून ठेवलं.

काळी_माती: साफ चूक. तेव्हाची राजधानी लागोस, तिथलं ते बंड मोडलं कोणी? यानेच ना! आणि खटला भरला असता तर दक्षिणेत त्या मेजरांना हीरो मानणारे उठले असते, नाही भरला म्हणून उत्तरेतले उठले. इकडे आड तिकडे विहीर, सहा महिन्यांत माणूस करणार तरी काय?

उंबरठा: निदान २४ मेचा तो ३४ नंबरचा हुकूम तरी काढायचा नाही! घटनेचा अभ्यास करायला स्वतःच गट नेमला होता, तो काही सांगायच्या आत संघराज्यच रद्द, प्रांतांची सरकारी नोकरी एकत्र. उत्तरेत शिकलेली माणसं कमी, त्यांना वाटलं आता सगळ्या खुर्च्या दक्षिणेकडचे घेणार, आणि त्याच महिन्यात उत्तरेतल्या शहरांत इग्बोंना मारायला सुरुवात झाली.

पाणवठा: हुकूम चुकला हे मलाही मान्य आहे हो, पण चुकीच्या हुकुमाला गोळी हे उत्तर कसं? तो इबादानला पारंपरिक राजांशी बोलायला, देश एकत्र ठेवा सांगायला गेला होता. त्याला पकडणाऱ्या सैनिकांचा म्होरक्या डान्जुमा, त्याने जानेवारीच्या बंडात तुझाच हात होता म्हणून आरोप केला, ना चौकशी ना कोर्ट. आणि ज्याच्याकडे उतरला होता तो पश्चिमेचा गव्हर्नर फजुयी, इग्बोही नाही, योरुबा जमातीचा माणूस, त्यालाही सोबत मारलं, त्याचा काय गुन्हा होता?

उंबरठा: फजुयीबद्दल वाईट मलाही वाटतं. पण राज्यकर्त्याने लोकांची भीती ओळखायला नको का?

काळी_माती: मग पुढचं बघा ना. आयरन्सीच्या जागी गोवोन सत्तेवर आला, त्याने हुकूम मागे घेतला, तरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उत्तरेत हजारो इग्बो कापले गेले, लाखो लोक गाठोडी घेऊन पूर्वेकडे पळाले, १९६७ ला पूर्वेने बियाफ्रा म्हणून वेगळा देश जाहीर केला, १९७० पर्यंत युद्ध. भांडण त्या हुकुमाचंच होतं तर हुकूम गेल्यावर थांबलं का नाही?