पाण्यात लेझरने बुडबुडा: उकळतं म्हणून नाही

कोणीतरी विचारलंय की लेझरने पाणी उकळून बुडबुडा होतो का, तर एनडी-यॅग नावाच्या लेझरची काही नॅनोसेकंदांची (सेकंदाचे काही अब्जांश) पल्स, म्हणजे प्रकाशाचा झटका, लेन्सने एका बिंदूवर आणली की तिथे पाणी फुटून प्लाझ्मा (विद्युतभारित तप्त वायू) होतो, बारीकसा पांढरा ठिपका चमकतो आणि टक् असा आवाज येतो, उकळायला वेळच मिळत नाही! मग बुडबुडा फुगतो आणि लगेच कोसळतो. १ मिमी त्रिज्येचा असेल तर कोसळायला साधारण ९० मायक्रोसेकंद, हे गणित भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेने १९१७ सालीच मांडलं होतं.

आता एवढ्या वेळात तो दिसणार कसा? भारी कॅमेरा नसला तरी चालतं. लाल हीलियम-निऑन लेझरचा किरण त्याच बिंदूतून फोटोडायोडवर (प्रकाश मोजणारा सेन्सर) सोडायचा, बुडबुडा आडवा आला की ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) सिग्नल खड्ड्यासारखा खाली जातो, खड्डा जितका रुंद, म्हणजे जितका वेळ टिकतो, तितका बुडबुडा मोठा. सोबत हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) असेल तर आवाजाची दोन उंच टोकं दिसतात, एक जन्माचं, एक कोसळण्याचं. मला तर हेच जास्त आवडतं, स्वस्त आणि मस्त.

आणि हो, हा बुडबुडा बहुतेक वाफेचाच असतो, शेवटी वायूचे अगदी बारीक बुडबुडे तेवढे उरतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भिंगामागे धरलेला धूसर पडदा (रेटिना नव्हे) यॅग लेझरने फोडतात ना, तिथेही हाच प्रकार.