अनुभव धागा : हिवाळ्यात दाण्यांवर येणारे पक्षी – तुम्ही काय पाहिलंत?

गेल्या आठवड्यात पारा उणे १८ वर उतरला होता, त्या सकाळची गोष्ट. फटफटायच्या आत मी खिडकीशी येऊन उभी राहिले. फीडरच्या, म्हणजे दाणे भरून टांगायच्या भांड्याच्या, नळीवर एक चिकडी (chickadee, उत्तर अमेरिकेतला एक चिमुकला पक्षी) येऊन बसली. दोन बिया चोचीत धरून पाहिल्या आणि सोडून दिल्या, तिसरी घेऊन समोरच्या फांदीवर गेली. बी दोन्ही पायांखाली दाबली, चोचीने टकटक करून फोडली, गर खाल्ला. टरफल बर्फावर पडलं. की परत फीडर. हीच ती, हे मी खात्रीने सांगू शकते, कारण तिच्या उजव्या पायाला मागचं बोट नाही. बी दाबताना ती डावीकडे कलते.

या पक्ष्याचं वजन दहा-बारा ग्रॅम, म्हणजे छपाईच्या दोन-अडीच कागदांइतकं. कडाक्याच्या रात्री काळ्या टोपीची चिकडी शरीराचं तापमान दहा-बारा अंशांनी खाली उतरवते आणि साठवलेली चरबी पुरवून पुरवून वापरते. सकाळपर्यंत ती चरबी जवळपास संपलेली असते. दिवसभरात ती पुन्हा कमवायची, नाहीतर पुढची रात्र निघत नाही. हे कळल्यापासून रात्री झोपायच्या आधी फीडर भरलेला आहे की नाही, हे मी पाहतेच पाहते.

म्हणून हा धागा. हिवाळ्यात तुमच्या अंगणात, गच्चीत, खिडकीपाशी दाणे ठेवता, तेव्हा काय घडतं ते लिहा. पक्ष्याचं नाव ठाऊक नसलं तरी चालेल. वाचलेलं कमी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं जास्त असं असू द्या. आणि चुकलं असेल तर तेही लिहा, त्याचा उपयोग सगळ्यांना होतो.

*

चुकलेलंच लिहितो, कारण ते अजून सलतं.

त्या वर्षी आमच्याकडे सिस्किनांचे थवे उतरले होते. तपकिरी रेघांचे, पंखावर पिवळी झाक असलेले छोटे पक्षी. उत्तरेकडच्या जंगलात सूचिपर्णी झाडांना बी कमी धरलं की ते मोठ्या संख्येने दक्षिणेला येतात. एका वेळी चाळीस-पन्नास. मी खूश होतो, रोज दोनदा फीडर भरत होतो. भरत होतो, पण धूत नव्हतो.

एका दुपारी एक सिस्किन बशीच्या कडेला बसून होता. बाकीचे उडाले, हा उडाला नाही. पिसं फुलवून चेंडूसारखा झालेला, डोळे अर्धे मिटलेले, चोचीला ओलसर बिया चिकटलेल्या. मला वाटलं थंडी वाजत असेल. मी हातभर अंतरावर गेलो तरी तो हलला नाही. तो माणसाळला आहे असं वाटून मी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो खाली मरून पडला होता आणि त्याच्यासारखे आणखी तीन तसेच बसले होते.

तो साल्मोनेला नावाच्या जिवाणूचा रोग होता. २०२१ च्या हिवाळ्यात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात याच रोगाने खूप सिस्किन मेले आणि लोकांना फीडर उतरवून ठेवायला सांगावं लागलं. आपली चिकडी एक बी घेऊन निघून जाते. सिस्किन, गोल्डफिंच हे मात्र तिथेच ठाण मांडून, खांद्याला खांदा लावून खातात, तिथेच शिटतात, आणि त्याच बियांत चोच घालतात. सपाट बशीवर तर हे सगळं कालवलं जातं.

तेव्हापासून माझा नेम असा. दर दोन आठवड्यांनी, आणि गर्दी असली तर दर आठवड्याला, फीडर पूर्ण सुटा करायचा, साबणाने घासायचा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवायचा, भरपूर पाण्याने धुवायचा आणि खडखडीत वाळल्याशिवाय भरायचा नाही. हातमोजे घालून. खाली पडलेली टरफलं झाडून काढायची. एक जरी फुगलेला, न उडणारा पक्षी दिसला तर सगळं उतरवायचं आणि किमान दोन आठवडे टांगायचं नाही. पक्षी उपाशी मरतील ही भीती तेव्हा मनातून काढून टाका. ते पांगतात, आणि पांगणंच त्यांना वाचवतं.

तो फोटो मी पुसलेला नाही.

*

वरचं वाचून लगेच उठले आणि फीडर उतरवला. ब्रिटनमध्ये ग्रीनफिंचचं असंच झालं. २००५ पासून ट्रायकोमोनोसिस नावाच्या घशाच्या रोगाने त्यांची संख्या इतकी घसरली की २०२१ मध्ये त्यांना धोक्यात असलेल्या पक्ष्यांच्या लाल यादीत घालावं लागलं. इथे पूर्वी बागेत हमखास दिसणारा पक्षी होता तो. पाण्याची परातसुद्धा रोज धुवावी, त्यातूनही हा रोग पसरतो.

*

माझी रात्रपाळी असते. घरी येते तेव्हा अजून अंधुक असतं. त्या वेळी फीडरवर फक्त कार्डिनल असतात, बाकी कोणी नाही. त्या उजेडात नराचा लाल रंग दिसतच नाही. काळपट आकृती आणि डोक्यावरचा तुरा एवढंच. मग जसजसं उजाडतं तसतसा तो लाल होत जातो. संध्याकाळीही शेवटचे तेच. मी कामाला निघते तेव्हा ते असतात आणि परत येते तेव्हाही असतात. मधला दिवस ज्यांचा असतो ते पक्षी मी सुट्टीच्या दिवशीच पाहते.

*

आमची मुलगी नऊ वर्षांची. तिने वहीत लिहिलं होतं, ‘आज चिकडी ३८’. तेवढ्या खेपा तिने इमानेइतबारे मोजल्या होत्या. पण पक्षी किती? एका वेळी फांदीवर आणि फीडरवर मिळून जास्तीत जास्त पाच दिसले होते. पक्षी-मोजणीच्या उपक्रमांचा नियमच तो आहे. एका जातीचे एका वेळी जितके जास्तीत जास्त दिसतील तोच आकडा लिहायचा, बेरीज करायची नाही. नाहीतर एकच पक्षी अडतीस होतो. ब्रिटनमध्ये १९७९ पासून जानेवारीच्या शेवटी तासभराची बाग-मोजणी होते ती याच नियमाने, आणि उत्तर अमेरिकेतला ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’ नोव्हेंबर ते एप्रिल चालतो तोही याच नियमाने. १९७६ मध्ये तो कॅनडातल्या ओंटारिओत सुरू झाला आणि १९८७ पासून खंडभर पसरला.

मुलगी आधी हिरमुसली. मग तिनेच एक सोय काढली. वहीचे दोन रकाने केले : ‘पक्षी’ आणि ‘खेपा’. पहिला रकाना ती पाठवते, दुसरा स्वतःसाठी ठेवते. त्या दुसऱ्या रकान्यातून आम्हाला एक गोष्ट कळली. हिमवादळाच्या आदल्या दिवशी खेपा जवळपास दुप्पट होतात. हे आम्ही तीनदा पाहिलं आहे.

*

माझी नजर गेली चार वर्षं हळूहळू अधू होते आहे. फीडर आता मला नळी म्हणून दिसतो, त्यावरचं कोणी दिसत नाही. म्हणून ऐकलेलं लिहितो. धाग्याचा नियम मोडत नाही ना?

सुतार पक्षी जाळीत टांगलेल्या चरबीच्या वडीवर आला की तारेची जाळी किंचित थरथरते आणि एक कोरडी, घाईची टकटक येते. नटहॅच नाकातून बोलल्यासारखा ‘यँक यँक’ करतो. तो खोडावरून डोकं खाली करून उतरतो, त्यामुळे त्याचा आवाज वरून खाली येतो. हे मला दिसायचं तेव्हा कधी लक्षात आलं नव्हतं. जुंको खाली बर्फात बिया वेचतात, त्यांचा आवाज म्हणजे काचेच्या बारीक गोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसा.

सगळ्यात जास्त बोलते ती चिकडी. ‘चिक-अ-डी-डी’. यातले ‘डी’ मोजायला शिका. बसलेला शिकारी पक्षी दिसला की ती ‘डी’ वाढवते, आणि तो जितका लहान नि चपळ, म्हणजे तिच्यासाठी जितका घातक, तितके ‘डी’ जास्त. संशोधकांनी २००५ मध्ये हे दाखवून दिलं. मोठ्या शिंगी घुबडासाठी कमी आणि मुठीएवढ्या पिग्मी घुबडासाठी जास्त. नटहॅचलाही ही भाषा कळते. मी एकदा सलग सात मोजले. बायकोला हाक मारली, तिला बऱ्याच वेळाने कुंपणापलीकडच्या देवदारात कोणीतरी बसलेलं दिसलं. जातीची खात्री नाही, पण चिकडीला होती.

आणि शिकारी उडत येत असला तर ‘डी’ नाहीच. एक बारीक, उंच ‘सी’. त्यानंतर पूर्ण शांतता.

*

ती शांतता मी पाहिली आहे!

पंधरा-वीस पक्षी होते. क्षणात सगळे झुडपात, आणि एक छोटा डाउनी सुतार तिथेच राहिला, वडीच्या जाळीला मागच्या बाजूने चिकटून. मादी होती, मानेवर लाल ठिपका नव्हता. कुंपणाच्या खांबावर कूपर्स हॉक येऊन बसला, आपल्या शिक्र्यासारखाच पण अंगाने मोठा. आठ मिनिटं तो हलला नाही आणि आठ मिनिटं ती हलली नाही. मी घड्याळ पाहत होते. तिची चोच वडीत खुपसलेली होती तशीच राहिली. तो उडून गेल्यावरही ती आणखी दोन मिनिटं तशीच, आणि मग पहिली टकटक.

पूर्वी मी असा पक्षी दिसला की टाळ्या वाजवून हुसकावायचे. आता नाही हुसकावत. त्यालाही रात्र काढायची असते. पण लपायला झुडूप तीनेक मीटरवर हवं, हे मात्र मी पाहिलं. त्याहून अगदी लगतही नको, मांजर दबा धरून बसतं.

*

खिडकीबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही?

आमचा फीडर काचेपासून चार-पाच मीटरवर होता. ससाणा येवो, दार आपटो, पक्षी घाबरून उडाले की काचेत दिसणाऱ्या आभाळाकडे सुटायचे, आणि तेवढ्या अंतरात पुरेसा वेग आलेला असायचा. एका हिवाळ्यात चार गोल्डफिंच गेले. पाचवा जिवंत होता. त्याला झाकणाच्या खोक्यात कापडावर ठेवलं, खोकं अंधारात, शांत जागी, दाणा नाही पाणी नाही, सारखं उघडून बघायचं नाही. तासाभराने आतून पायांची खरखर ऐकू आली. बाहेर नेऊन झाकण काढलं आणि तो सरळ उडाला. उडाला नसता तर वन्यजीवांवर उपचार करणाऱ्यांकडे न्यायचा होता.

आता फीडर काचेला लागूनच, मीटरभराच्या आत आहे. इतक्या जवळून उडाला तर जोराने आदळण्याइतका वेगच येत नाही. नाहीतर थेट दहा मीटरपलीकडे न्या. शिवाय काचेला बाहेरून ठिपके लावले आहेत, पाच-पाच सेंटीमीटरवर. एकटा बहिरी ससाण्याचा स्टिकर लावून काहीही होत नाही, तो आम्हीही लावून पाहिला. ठिपके लावल्यापासून दोन हिवाळे एकही पक्षी गेलेला नाही.

*

खारींना दूर ठेवायचं तर : तिखट घातलेल्या बिया चालतात. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, खारींना जाणवतो. पण वाऱ्यात पूड उडते, आपल्याही डोळ्यांत जाते. मी शेवटी फीडरच्या खांबाला, खार वर चढू नये म्हणून, घुमटासारखी झडप बसवली. दीड मीटर उंचीवर, आणि जवळपास उडी मारायला काही नाही असं.

आणि गोल्डफिंचसाठी दुकानात ‘नायजर’ म्हणून मिळतात ती आपली कारळीच. बारीक भोकांचा वेगळा फीडर लागतो. जुनी झाली, तेल सुकलं, तर पक्षी तोंड लावत नाहीत.

*

शंका विचारते. आपण दाणे घालून त्यांना परावलंबी करतो का? आम्ही महिनाभर बाहेर जाणार आहोत आणि माझा पाय निघत नाहीये.

*

(धागाकर्ती) निर्धास्त जा. माझाही हाच प्रश्न होता, म्हणून शोधलं होतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये चिकडींवरच अभ्यास झाला आहे. जिथे २५ वर्षं दाणे घातले जात होते तिथे ते बंद केले, आणि जिथे कधीच घातले नव्हते त्या जागेशी तुलना केली. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. फीडर असतानाही त्यांच्या दिवसाच्या गरजेचा साधारण पाचवा हिस्साच त्यातून भागत होता, बाकीचं त्या सालींच्या फटींतून, कोषांतून, स्वतः लपवलेल्या बियांतून मिळवत होत्या. मात्र त्याच अभ्यासकांना हेही दिसलं की अतिथंडीच्या काळात दाणे मिळणाऱ्या चिकडी जास्त संख्येने तगल्या. म्हणजे घरी असाल तेव्हा कडाक्यात खंड पडू देऊ नका. आणि जाताना अर्धवट भरलेला फीडर टांगून ठेवू नका. बिया ओल्या होऊन बुरसतात. धुऊन आत ठेवा.

*

मी ब्रिटनमध्ये राहतो. आमच्याकडे हिवाळ्यातही रॉबिन गातो, आणि मादीसुद्धा गाते. थंडीत दोघांची हद्द वेगवेगळी असते. माझ्या फावड्याच्या दांड्यावर जो येऊन बसतो तो नर की मादी, मला आजवर कळलेलं नाही, कारण दिसायला दोघं सारखीच.

पण लिहायचं होतं ते ब्लॅककॅपबद्दल. राखाडी वटवट्या, नराची टोपी काळी, मादीची तांबूस. मध्य युरोपातले ब्लॅककॅप पूर्वी हिवाळ्यात नैर्ऋत्येला स्पेनकडे जायचे. गेल्या काही दशकांत त्यांतले बरेच वायव्येला, इकडे यायला लागले, आणि त्यात बागांमधल्या फीडरचा मोठा वाटा आहे. जायची दिशा पिल्लांना आईवडिलांकडून जन्मतःच मिळते, हे प्रयोगांत दिसलं आहे. माझ्या चरबीच्या गोळ्यावर जानेवारीत एक तांबड्या टोपीची मादी येते. तिचं इथे असणं म्हणजे तिच्या आधीच्या कितीतरी पिढ्यांना कोणी ना कोणी दाणे घातले, असं माझ्या मनात येतं, आणि गोळा संपायच्या आत मी नवा लावतो.

*

थोडक्यात लिहितो. कार्डिनलचा नर पूर्ण थंडीभर मादीला फीडरवरून हाकलत होता. ती खाली बर्फावर पडलेलं खायची. काल संध्याकाळी, अंधार पडता पडता, तो सूर्यफुलाची एक बी घेऊन तिच्या शेजारी फांदीवर गेला. बी सोलली. टरफल खाली टाकलं. मग मान वाकडी करून गर तिच्या चोचीत दिला. तिने घेतला, पिसं झटकली. तो पुन्हा फीडरवर आला आणि दुसरी बी निवडू लागला.