दसऱ्याला गाडी येतेय, हे कोटेशन कुणी बघेल का?

बी-३०४ मंदार
नमस्कार मंडळी. परवा दसऱ्याला गाडीची डिलिव्हरी आहे. ८ लाखांचं कर्ज मागितलं होतं, मंजुरी ८,६४,००० ची आलीय. जादाच्या ओळी अशा: लोन सुरक्षा ३१,५००, एक्स्टेंडेड वॉरंटी १४,२००, पेंट प्रोटेक्शन ९,८००, हँडलिंग ८,५००. सेल्समन म्हणतो, "ईएमआयमध्ये तेराशेचाच फरक आहे सर." यातलं घ्यावंच लागतं असं काय आहे?

ए-७०२ सुजाता काकू
एकही नाही. कुठे सही केलीस का? ओटीपी दिलास का कुणाला?

बी-३०४ मंदार
सही नाही. काल शोरूममध्ये एक ओटीपी सांगितला. व्हेरिफिकेशनचा आहे म्हणाले.

ए-७०२ सुजाता काकू
तो मेसेज उघड आणि ओटीपीच्या आकड्याआधी काय लिहिलंय ते वाच.

बी-३०४ मंदार
विम्याच्या प्रस्तावाला संमती देण्यासाठी, असं लिहिलंय. काकू, मी फक्त आकडा बघितला होता.

ए-७०२ सुजाता काकू
तुझी ती "लोन सुरक्षा" म्हणजे कर्जाला जोडलेला आयुर्विमा. आमच्या घरी गेल्या वर्षी हेच झालं, म्हणून सविस्तर लिहिते. मी बँकेत कर्जखात्यात ३१ वर्षं काढली, तरी लेकीच्या गाडीच्या वेळी फसलो. बॉनेटवर लाल रिबन, नातवाच्या हातात पेढ्यांचा बॉक्स, आणि त्याच गडबडीत एक मुलगा टॅब पुढे करून म्हणाला, "ताई, ओटीपी सांगा फक्त." तिने सांगितला. दोन आठवड्यांनी टपालाने आयुर्विम्याचं सर्टिफिकेट आलं. त्यातला आरोग्याचा फॉर्मही त्यानेच भरलेला, सगळीकडे "नाही, नाही, नाही". तिला थायरॉइड आहे! उद्या दावा करायची वेळ आली असती तर याच खोट्या उत्तरावर बोट ठेवलं असतं. पैसे गेल्याचं इतकं वाटलं नाही, पण हे वाचून रात्रभर झोप लागली नाही.

आयुर्विम्याच्या पॉलिसीला कागद हातात आल्यापासून ३० दिवसांचा फ्री लुक असतो, म्हणजे पॉलिसी नको असेल तर परत करायची मुदत. तेवढ्यात विमा कंपनीला लेखी कळवलं की स्टॅम्प ड्युटी वगैरे थोडं कापून प्रीमियम परत मिळतो. आम्हाला मिळाला. पण तुझं कर्ज अजून खात्यातून निघालेलंच नाही, तेव्हा आजच थांबव.

आता तेराशेचा हिशेब. ९ टक्के, ५ वर्षं धर. ८ लाखांचा हप्ता १६,६०७. ६४,००० वाढले की १७,९३५. फरक १,३२८, गुणिले ६० हप्ते. म्हणजे ६४ हजारांच्या वस्तूंचे तू जवळपास ८० हजार भरणार. पेंट प्रोटेक्शनचं कोटिंग वर्षा-दोन वर्षांत उतरेल, त्याचं व्याज पाचव्या वर्षीही चालू राहील.

बँकेकडे केएफएस माग, म्हणजे "की फॅक्ट स्टेटमेंट", कर्जाच्या अटी आणि खर्चांचा एकत्र तक्ता. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाला रिझर्व्ह बँकेने ते सक्तीचं केलंय. त्यात विम्यासकट सगळे खर्च धरून एपीआर, म्हणजे कर्जाचा वर्षाचा खरा दर, दाखवावा लागतो, आणि जो खर्च त्यात नाही तो तुझ्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. विचार करायला किमान ३ कामाचे दिवस द्यावे लागतात. "आजच सही करा, नाहीतर रेट जाईल" असं कुणी म्हणालं तर हे सांग.

डी-२०३ नाना
सुजाताताई, पाच-दहा हजारांसाठी वाद कशाला? पुढे सर्व्हिसिंगला त्यांच्याच दारात जायचंय.

ए-७०२ सुजाता काकू
नाना, वॉरंटी गाडीच्या कंपनीची असते. कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी नेता येते. आणि वाद नाही घालायचा, एक ईमेल करायचा. या ओळी नकोत, सुधारित मंजुरीपत्र आणि केएफएस पाठवा, एवढंच. फोनवर बोललेलं मागे उरत नाही.

सी-११०१ समीर
गाडीचा विमाही बाहेरून बघ रे. तो कुठून घ्यायचा हे आपण ठरवायचं. नव्या गाडीला ३ वर्षांचं थर्ड पार्टी कायद्याने लागतं, स्वतःच्या नुकसानीचं कव्हर वर्षाचं घेता येतं. कर्ज असल्यामुळे बँक तेही मागेल. मला शोरूमने ५२ हजार सांगितले होते, त्याच झिरो डेपसकट (म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई) बाहेर ३८ला मिळालं. "बाहेरचा घेतलात तर कॅशलेस नाही" म्हणतात. ते त्या विमा कंपनीच्या गॅरेजच्या यादीवर असतं, यादी बघून घे.

बी-३०४ मंदार
टीसीएसचे १०,६०० पण लावलेत. तेही काढायला सांगू?

ए-७०२ सुजाता काकू
नको, टीसीएस म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून गोळा करून सरकारला भरायचा आयकर, तो कायदा आहे. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का. रिटर्न भरताना वळता होतो. आरटीओची फी, रोड टॅक्स यांच्याही सरकारी पावत्या मिळतात. ते हँडलिंग मात्र विचार कसलं. गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत असतोच.

*दुसऱ्या दिवशी*

बी-३०४ मंदार
ईमेल केला. आधी मॅनेजरचा फोन, "सर, सिस्टिममधून निघत नाही." काकूंनी सांगितल्यासारखं म्हटलं, हेच लेखी द्या. तासाभरात लोन सुरक्षा, कोटिंग आणि हँडलिंग गेलं. वॉरंटी मी ठेवली. बहुतेक वेळा नंतरही घेता येते हे माहितीये, पण आपल्याला गाडी दहा वर्षं वापरायचीय. ते १४,२०० रोख देतोय, कर्जात नाही. फक्त नवीन कागद व्हायला वेळ लागणार, उद्याची डिलिव्हरी हुकली. आईला वाईट वाटलंय, ती तोरण करून बसली होती.

ए-७०२ सुजाता काकू
तिला संध्याकाळी माझ्याकडे पाठव. आणि नवा केएफएस आला की सही करायच्या आधी इथे टाक.

*चार दिवसांनी*

बी-३०४ मंदार
टाकलाय काकू. पीडीएफ.

ए-७०२ सुजाता काकू
बघितला. रक्कम ८,००,०००. विम्याच्या रकान्यात शून्य. प्रोसेसिंग फी आधी सांगितली तेवढीच. कर सही.